रुमाल, कपाट आणि हार्ड डिस्क

प्रस्तावना

जुन्या घरांत माळ्यावर किंवा देवघरामागच्या कोनाड्यात एखादी लाकडी पेटी असते. तिच्यात पिवळे पडलेले कागद असतात. काही जमिनीचे, काही देण्याघेण्याचे, काही नुसतीच पत्रे. ते वाचता येत नाहीत म्हणून कोणी उघडत नाही आणि पूर्वजांचे आहेत म्हणून कोणी टाकतही नाही. अशा कागदांची छायाचित्रे काढून ती संगणकात ठेवणे आता पुष्कळांना शक्य झाले आहे. परंतु काम निम्म्यावर आले, की संगणक सांगतो, 'जागा शिल्लक नाही.' मग नवा संगणक घ्यावा काय, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. टेबलावरच्या जुन्या संगणकातच आणखी एक-दोन हार्ड डिस्क बसवता येतात आणि हे काम मोठ्या खर्चाचे नाही. या पाठात तंजावरच्या निमित्ताने या कामाची माहिती करून घेऊ. साठवणीला किती जागा लागते हे मोजणे, डिस्क पारखून घेणे, ती बसवणे आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी हे ठरवणे, या गोष्टी पाठ वाचल्यावर तुम्हांला जमाव्यात.

तंजावरची कपाटे

तमिळनाडूतील कावेरीच्या सुपीक खोऱ्यात तंजावर वसले आहे. १६७५च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. ते १८५५पर्यंत टिकले. या काळात दरबाराचा बराचसा कारभार मराठीत चाले आणि लिहिला जाई मोडी लिपीत. राज्य गेले, पण मराठी बोलणारी कुटुंबे तेथेच राहिली. आजही तंजावरात आणि आसपास अनेक घरांत तमिळच्या छटा घेतलेली मराठी बोलली जाते. शाळेत मात्र त्यांची मुले तमिळ आणि इंग्रजी शिकतात. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्यालाही घरातलाच मोडी कागद परका वाटतो.

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल नावाचे ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात नायक राजांच्या काळात झाली, तरी त्याला आजचे वैभव आणले ते सरफोजी राजे दुसरे यांनी. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. १८२०च्या सुमारास त्यांनी काशीयात्रा केली. इतर यात्रेकरू काशीहून गंगाजल आणत. सरफोजींनी त्याबरोबर ग्रंथ आणि ग्रंथांच्या नकला आणल्या. मिळेल ते हस्तलिखित विकत घ्यावे आणि विकत मिळत नसेल त्याची पंडितांकडून नक्कल करून घ्यावी, अशी त्यांची रीत होती. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. तेथे ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या वर जाते, आणि मोडी कागदांची बांधलेली गाठोडी वेगळीच.

कागदांच्या अशा गाठोड्याला जुन्या दप्तरांत 'रुमाल' म्हणत. एका विषयाचे किंवा एका काळाचे कागद एका कापडात बांधायचे, वर खूण करायची आणि रुमाल कपाटात ठेवायचा. संगणकातील फोल्डर म्हणजे दुसरे काय? फोल्डर हा रुमाल आणि हार्ड डिस्क हे कपाट, एवढे ध्यानात ठेवले, की या पाठातील पुढचा भाग अवघड वाटणार नाही.

ताडपत्रावरची पोथी उष्ण आणि दमट हवेत कायमची टिकत नाही. तिला तेल लावतात, कापडात बांधतात, उन्हापाण्यापासून जपतात, तरी कधीतरी पान ठिसूळ होते, कसर लागते. म्हणून पोथी जीर्ण होण्याआधी तिची नक्कल करावी लागे. आज आपल्यापर्यंत आलेले पुष्कळसे जुने ग्रंथ मूळ प्रतीच्या रूपाने आलेले नाहीत. ते नकलेच्या नकलेतून आलेले आहेत. दगडाची गोष्ट वेगळी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो दोनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. पण दगडावरचा लेख काखोटीला मारून दुसऱ्या गावी नेता येत नाही, हेही तितकेच खरे.

पाठगत प्रश्न
१. सरफोजी राजांनी ग्रंथसंग्रह कोणत्या दोन मार्गांनी वाढवला?
२. 'रुमाल' या शब्दाचा तुम्हांला माहीत असलेला अर्थ आणि पाठातील अर्थ यांत काय फरक आहे?

किती जागा लागेल?

डिस्क विकत घेण्यापूर्वी कागद आणि पेन्सिल घेऊन हिशेब करावा. दुकानात गेल्यावर हिशेब करणारा मनुष्य नेहमी जास्त पैसे देऊन येतो.

समजा, एका घरातील पेटीत ५,००० कागद आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी लिहिलेले आहेत. म्हणजे १०,००० चित्रे काढावी लागतील. कागद साधारण ए-फोर आकाराचा धरू. स्कॅनरवर दर इंचाला ३०० ठिपके ठेवले, तर एका बाजूवर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके पडतात. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात. म्हणून एक चित्र सुमारे २ कोटी ६१ लाख बाइटचे, म्हणजे २६ एमबीचे होते. अशी १०,००० चित्रे २६१ जीबी जागा घेतील.

मोडीचे वळण झरझर लिहिलेले असते. बारीक अक्षर, पुसट शाई आणि आरपार उमटलेली मागची ओळ यांमुळे ३०० ठिपके अपुरे पडतात, असे एखाद्या कागदाबाबत वाटू शकेल. ६०० ठिपके ठेवले, तर जागा दुप्पट नव्हे, चौपट लागते, कारण ठिपके लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे दुप्पट होतात. मग तीच १०,००० चित्रे सुमारे १,०४४ जीबी होतील. एक टीबीच्या डिस्कमध्ये १,००० जीबी मावतात. म्हणजे पेटी जवळजवळ भरत आली असता शेवटचे सुमारे दोनशे कागद बाहेर राहतील!

चित्र आवळून ठेवण्याच्या रीती आहेत. जेपीईजी प्रकारात ठेवले, तर चित्र कितीतरी लहान होते, पण त्यात थोडा तपशील कायमचा गळतो. रोजच्या वाचनासाठी ती प्रत पुरते. मूळ म्हणून जपायची प्रत तपशील न गाळणाऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ टिफमध्ये, ठेवलेली बरी. आज जो कागद कोणालाच वाचता येत नाही, तो उद्या पुण्यातील किंवा तंजावरातील एखादा मोडीचा जाणकार वाचेल. त्या वेळी त्याला एका मात्रेसाठी अडखळावे लागू नये. तोपर्यंत कागद शिल्लक असेलच, याची खात्री कोण देणार?

आणखी एक गोष्ट पाहून पुष्कळजण घाबरतात. एक टीबीची नवी डिस्क जोडली, की विंडोज तिच्यात ९३१ जीबीच दाखवते. दुकानदाराने फसवलेले नसते. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते. माप वेगळे, माल तोच.

जागेची ही श्रीमंती नवी आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणला. त्या साठवणयंत्रात दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आपल्या पेटीतील एका कागदाच्या एका बाजूचे चित्र अशा पाच यंत्रांतही मावले नसते.

खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडा

सर्वांत मोठी बचत दुकानात होत नाही, घरी होते. संगणक बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून, कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण उघडावे आणि चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डिस्क बसवायची जागा. साध्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कसाठी सहसा दोन किंवा अधिक खण असतात आणि त्यांतला एकच भरलेला असतो. दुसरी, मदरबोर्डवरचे जोड. २००३ नंतर आलेल्या साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र अरुंद केबल लागते. मदरबोर्डवर असे चार किंवा सहा जोड पुष्कळदा आढळतात. नव्या काही मदरबोर्डवर एम-डॉट-टू खाचेत पट्टीसारखी डिस्क बसवली, तर एखादा साटा जोड आपोआप बंद होतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. तिसरी, वीज. वीजपुरवठ्याच्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, निघालेल्या तारांपैकी साटाचा चपटा वीजप्लग मोकळा आहे का, ते पाहावे. चौथी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. सीडी-डीव्हीडीचा जुना ड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून असेल, तर त्याची डेटा केबल आणि वीजप्लग नव्या डिस्कला देता येतात. खर्च शून्य.

संगणक फारच जुना असेल आणि त्यात रुंद पट्टीसारख्या केबलची आयडीई पद्धत असेल, तर त्या पद्धतीची जुनी डिस्क शोधत बसू नये. ती लहान असते, संथ असते आणि मिळालीच तर थकलेली असते. मदरबोर्डवर मोकळी पीसीआय-एक्सप्रेस खाच असल्यास साटा जोड देणारे छोटे कार्ड मिळते. साटा जोड संपले असतील, तेव्हाही हाच उपाय.

डिस्क कोणती घ्यावी? कागदांची चित्रे साठवण्यासाठी वेगवान एसएसडीची आवश्यकता नाही. ती दर जीबीला महाग पडते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क या कामाला योग्य आहे, आणि तीही मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची चालते. ७,२०० फेऱ्यांचीच हवी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. किंमत पाहताना डिस्कची एकूण किंमत भागिले तिची टीबी हा भागाकार करावा. सर्वांत लहान डिस्क स्वस्त दिसते, पण या भागाकारात ती बहुधा महाग ठरते. सर्वांत मोठीही महाग ठरते. फायदा सहसा मधल्या आकारांत असतो.

वापरलेल्या डिस्कचा मोह पडणे स्वाभाविक आहे. बंद पडलेल्या संगणकातील स्वतःची डिस्क असेल, तर ती अवश्य वापरावी. बाजारातून घ्यायची असल्यास तिचा 'स्मार्ट' अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नये. प्रत्येक हार्ड डिस्क आपण किती तास चाललो आणि आपल्यातील किती जागा खराब होऊन बदलावी लागली, याची नोंद स्वतःच ठेवते. ही नोंद दाखवणारे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. खराब जागांचा आकडा शून्याहून अधिक असेल, तर डिस्क कितीही स्वस्त मिळो, तिच्यावर जपायची प्रत ठेवू नये. शिवाय जुनी डिस्क नवी म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. वेष्टनावरचा आणि डिस्कवरचा अनुक्रमांक जुळतो का, आणि त्या क्रमांकावर हमीची किती मुदत उरली आहे, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे.

जोडणी

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यापासून केसाच्या जाडीच्या अल्प अंशाएवढ्या अंतरावरून तरंगत जाते. त्यामुळे डिस्क हातातून पडणे म्हणजे पोथी पाण्यात पडण्यासारखेच. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचकाला विनवीत, की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून हिला जपा. डिस्कचे शत्रू म्हणजे धक्का, उष्णता आणि बेभरवशाची वीज. सैल बांधणी मात्र दोघींनाही सारखीच बाधते.

काम सुरू करण्यापूर्वी भिंतीवरचा प्लग काढलेला असावा. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. डिस्क कडांना धरून खणात सरकवावी आणि दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट करावी. एका स्क्रूवर लटकणारी डिस्क थरथरते आणि लवकर झिजते. साटा केबलचा जोड इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा असतो, म्हणून तो उलटा बसत नाही. बसत नसेल, तर जोर लावू नये, फिरवून पाहावा. दोन डिस्क असल्यास मध्ये एक खण मोकळा सोडावा आणि पुढच्या पंख्याची हवा त्यांच्यावरून जाईल असे पाहावे. तंजावरच्या मे महिन्यात या मोकळ्या खणाचे मोल कळते.

विजेचा हिशेबही करावा. डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपिअर, म्हणजे जवळपास २५ वॅट ओढते. नंतर चालताना तिला साधारण पाच ते आठ वॅट पुरतात. एक-दोन डिस्क वाढवल्या, तर बरा एसएमपीएस कुरकुर करीत नाही. मात्र जुन्या चार पिनांच्या प्लगपासून साटा प्लग बनवून देणारे अगदी स्वस्त जोड मिळतात, त्यांपैकी साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे जोड टाळावेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून जोड जळाल्याच्या घटना घडल्या आहेत. येथे वाचवलेले शंभर रुपये फार महाग पडू शकतात.

संगणक सुरू केल्यावर नवी डिस्क लगेच दिसली नाही, तर घाबरू नये. कोऱ्या डिस्कला आधी तयार करावे लागते. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडले, की ती दिसते. विभागणीचा प्रकार विचारला जाईल, तेथे जीपीटी निवडावे. जुन्या एमबीआर प्रकारात दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नंतर विभाग पाडून फॉरमॅट करावे. या एका टप्प्यावर मात्र घाई करू नये. फॉरमॅट करताना चुकून जुनी डिस्क निवडली, तर आधीचे सारे काम जाते. डिस्कचा आकार आणि क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, पडद्यावर तोच आहे हे दोनदा पाहावे आणि मगच पुढे जावे.

रुमालावर खूण असते, तशी प्रत्येक फाइलवर असावी. 'रुमाल०३_कागद०४७_मागे' अशा नावावरून कोणत्याही काळी मूळ कागद शोधता येतो. स्कॅनरने आपोआप दिलेले नाव सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही.

एक कपाट पुरे नाही

येथपर्यंत जागा झाली. पण काम पुरे झाले काय?

नव्या डिस्कमध्ये चित्रे ठेवली आणि जुन्या डिस्कवरून ती पुसून टाकली, तर प्रत एकच राहिली. कपाट बदलले एवढेच. हार्ड डिस्क कधी बंद पडेल हे सांगता येत नाही. काही दहा वर्षे चालतात, काही पहिल्याच वर्षी थांबतात. बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचा खर्च पुष्कळदा नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतो आणि यशाची खात्री नसते. म्हणून चार टीबीची एक डिस्क घेण्यापेक्षा दोन टीबीच्या दोन घ्याव्यात. भागाकारात हा सौदा थोडा महाग दिसेल. तरीही तोच घ्यावा.

दोन डिस्क आरशासारख्या जोडण्याची, म्हणजे एकीवर लिहिलेले दुसरीवर त्याच क्षणी उमटवण्याची सोय असते. तिला रेड-वन म्हणतात. एक डिस्क बंद पडली, तर ती उपयोगी पडते. पण आरसा चुकीचेही प्रतिबिंब दाखवतो. चुकून एक फोल्डर पुसला, की तो दोन्हीकडून जातो. म्हणून आरसा म्हणजे नक्कल नव्हे. दुसरी प्रत ठरावीक दिवशी वेगळी काढावी आणि ती उघडते का ते चार-दोन चित्रे पाहून तपासावे.

आणि तिसरी प्रत घराबाहेर असावी. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले. नागपट्टिणम, तिरुवारूर, तंजावर आणि पुदुकोट्टै या जिल्ह्यांत घरे पडली, नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा रात्री छप्पर उडालेल्या घरात लाकडी पेटी भिजते आणि तिच्या शेजारच्या टेबलावरचा संगणकही भिजतो. त्यात डिस्क एक होती की चार, याने फरक पडत नाही.

तिसऱ्या प्रतीसाठी नवी डिस्क हवीच असे नाही. दोन नव्या डिस्क आल्यावर मोकळी झालेली जुनी डिस्क, तिचा 'स्मार्ट' अहवाल चांगला असल्यास आणि चित्रे तिच्यात मावत असल्यास, यूएसबीच्या स्वस्त पेटीत घालून चेन्नईच्या भावाकडे किंवा पुण्याच्या मावशीकडे ठेवता येते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ती हवाबंद डब्यात ठेवावी आणि दिवाळीला व पाडव्याला, म्हणजे वर्षातून दोनदा, संगणकाला जोडून फिरवून पाहावी. मावशीला तेवढे सांगून ठेवावे, नाहीतर डबा चिवड्यासाठी रिकामा केला जातो.

स्वाध्याय

१. एका कुटुंबाकडे दोन्ही बाजूंनी लिहिलेले ८,००० कागद आहेत. दर इंचाला ३०० ठिपके ठेवून रंगीत चित्रे काढल्यास किती जीबी जागा लागेल? दोन स्वतंत्र प्रती ठेवण्यासाठी कोणत्या आकाराच्या किती डिस्क घ्याल? कारण लिहा.
२. 'आरसा म्हणजे नक्कल नव्हे' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. वापरलेली डिस्क विकत घेताना कोणती दक्षता घ्यावी, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नक्कल, जीर्ण, दप्तर, कसर, जाणकार.
५. 'माप वेगळे, माल तोच' यासारखी दोन भागांची, क्रियापद नसलेली आणखी दोन वाक्ये तयार करा.
६. तुमच्या घरातील किंवा शेजारातील जुना कागद, पत्र अथवा छायाचित्र पाहा. ते कोणाचे आहे, केव्हाचे आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे, याची नोंद दहा ओळींत लिहा.